फळ्यावर नावं लिहिणारा आमचा नेता नव्हे



हायस्कुलातल्या पोरांच्या नेतृत्वावर लिहितोय म्हटल्यावर आपल्यातले काहीजण तोंड वाकडं करणार, मला माहीत आहे. आपल्याला नेतृत्व म्हटलं की विद्यापीठाचं गेट दिसतं, मोर्चा दिसतो, माईक दिसतो. नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ चालला, त्याची गाणी आपण अजून गातो. गायलाच पाहिजेत. पण ज्या पोराचं नाव नववीच्या हजेरीतूनच उडालं, तो विद्यापीठाच्या गेटवर येणार कुठून? तो त्या वेळी लोणावळ्यात चिक्कीची खोकी भरत असतो, नाहीतर कुणाच्या बंगल्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचे ग्लास विसळत असतो. आणि आपण 'समाज शिकत नाही' म्हणून भाषण ठोकत असतो.

मी कुसगावातला. लोणावळ्याला लागून असलेलं गाव. एक्स्प्रेस वे आमच्या अंगावरून गेला. २००२ साली तो पुरता सुरू झाला आणि मुंबई दोन तासांवर आली म्हणतात. आमच्या वस्तीपासून हायस्कूल मात्र होतं तेवढंच लांब राहिलं. इथे पाऊस लागला की पर्यटक येतात आणि पर्यटक आले की वर्गातली मागची बाकं रिकामी होतात. जून, जुलै, ऑगस्ट, ऐन शाळेचे दिवस. कणसं भाजायला, गाड्या लावून घ्यायला, बंगल्यांच्या चादरी बदलायला पोरं लागतात. ती कुठल्या वस्तीतली लागतात, हे काय सांगायला पाहिजे? गावाच्या नावातच कूस आहे. नाव कशावरून पडलं ते पंडितांनी ठरवावं, पण कुसाच्या आतले कोण आणि बाहेरचे कोण, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता सरकारी हिशेब बघा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवी. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. नववीत पाय ठेवला की कायदा संपला, खिचडी संपली, वह्या-पुस्तकांचा खर्च सुरू. बरोबर त्याच वेळेला बीजगणित अंगावर येतं, पोरीच्या लग्नाची कुजबुज घरात सुरू होते, पोराला मिसरूड फुटतं आणि ते मुकादमाच्या नजरेत भरतं. आठवी आणि नववीच्या मधे ही एवढी फट आहे. आमची पोरं त्या फटीत पडतात.

पडताना बघतं कोण? मास्तर बघत नाही, त्याच्यापुढे साठ-साठ डोकी आहेत आणि वरून जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहित्या. आई-बाप बघत नाहीत, ते अंधारात कामावर जातात आणि अंधारातच येतात. बघतं ते शेजारच्या बाकावरचं पोर. दोस्त तीन दिवस आला नाही, का आला नाही, कुठल्या हॉटेलावर लागला, घरात काय झालं, कोण काय बोललं, हे सगळ्यांत आधी त्याला कळतं. म्हणून मी म्हणतो, पोरांनी पोरांना धरून ठेवण्याचं काम हायस्कुलातच व्हायला पाहिजे, आणि पोरांनीच केलं पाहिजे. पण शेजारच्या बाकावरच्या त्या पोराला शाळेने काय करून ठेवलंय? मॉनिटर!

ह्या मॉनिटरची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मोठ्या पोरांना धाकट्यांवर नेमून शाळा चालवली. आपल्या देशी शाळांतून हे आधीपासून चालत होतंच, त्याने ते उचललं आणि १७९७ साली त्याच्यावर पुस्तक काढलं. विलायतेत लँकेस्टरने असाच धंदा केला. एक मास्तर, शेकडो पोरं आणि मधे मॉनिटर. स्वस्तात काम! मास्तरांचे पगार वाचतात आणि पोरांना पोरंच हाकतात. दोनशे वर्षं झाली, पद्धत गेली, पण नाव राहिलं आणि हाकणंही राहिलं. आजचा मॉनिटर करतो काय? मास्तर बाहेर गेले की फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावं' लिहितो. म्हणजे जो बोलला तो गुन्हेगार. वरचा हुकूम खाली आणायचा आणि खालची चुगली वर न्यायची, ह्यालाच शाळा नेतृत्वगुण म्हणते आणि वर बिल्ला लावते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की खालचा प्रश्न लिहून घेऊन वर नेतो आणि त्याचं उत्तर खाली आणून दाखवतो तो पुढारी. बाकी सगळे शिपाई.

हल्ली शाळांतून विद्यार्थी मंत्रिमंडळ असतं. कागदावर गोष्ट चांगली आहे. मतदान होतं, शपथ होते, फोटो निघतो. आमच्या भागातल्या एका हायस्कुलातलं सांगतो, नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा त्या शाळेवर जाते आणि बाकीच्या सुटतात. तिथे मुख्यमंत्री कोण होतो हे दरवर्षी बदलतं. कधी सरपंचाच्या घरचा, कधी हॉटेलमालकाचा. पण स्वच्छतामंत्री? तीन वर्षं लागोपाठ आमच्याच वस्तीतला नाहीतर मातंग वस्तीतला! कुणी ठरवलं नाही म्हणतात. आपोआप झालं म्हणतात. ह्या देशात जे आपोआप होतं ना, त्याच्यामागे हजार वर्षांची तालीम असते. स्वच्छतामंत्र्याचं खातं काय, तर फडे मोजायचे आणि मुतारीत पाणी ओतायचं. पोरगा घरी येऊन आईला म्हणाला, "आये, मी मंत्री झालो." आई नगरपालिकेत झाडूकामाला. ती काही बोलली नाही.

त्याच शाळेत वर्गात शिष्यवृत्तीची यादी वाचली जाते. "एस्सीवाले उभे रहा." मॉनिटर वाचतो. चाळीस डोळ्यांच्या जोड्या वळतात. जनरल रजिस्टरात जातीचा रकाना आहे, दाखल्यावर जात आहे, हे सगळं कचेरीच्या कपाटात असतं. ते कपाटातून काढून वर्गाच्या मधोमध उघडं करायचं काम शाळेने एका चौदा वर्षांच्या पोराला दिलंय. आणि आपण कुठे तोंड उघडलं की हेच लोक म्हणतात, "शाळेत जात आणू नका." अरे, आणली कुणी?

आता नवी टूम आली आहे, समवयस्क आधार गट. सरकारनेही ते धरलंय. २०१४ पासून किशोरवयीनांच्या आरोग्य कार्यक्रमात गावोगाव 'साथिया' नेमायचे आहेत. २०२० पासून शाळा आरोग्य कार्यक्रमात वर्गावर्गात आरोग्यदूत नेमायचे आहेत. २०२२ साली महाराष्ट्र सरकारने शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं, तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधी घ्यायला सांगितले. २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षणसंस्थांना सूचना दिल्या. ह्याला मी नावं ठेवत नाही. कागद आपल्या बाजूचा असेल तर तो खिशात ठेवावा. किती शाळांच्या भिंतीवर सखी सावित्री समितीचा बोर्ड आहे आणि किती ठिकाणी त्या बोर्डावरच्या विद्यार्थी प्रतिनिधीला आपण प्रतिनिधी आहोत हे माहीत आहे, एवढं तुमच्या तुमच्या गावात जाऊन विचारा. मजा येईल.

पण एक प्रश्न आहेच. समवयस्क कोण? वय सारखं म्हणून माणसं सारखी होतात? बाबासाहेब साताऱ्याला शाळेत असताना बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि परत आणायचे. शिपाई असला तर वरून पाणी ओतायचा, शिपाई नसला तर पाणी नाही. वर्गातल्या बाकीच्या पोरांचं वय त्यांच्याइतकंच होतं. पुढे मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कुलात, मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं तर वर्गात गलका उडाला. फळ्यामागे सवर्ण पोरांचे डबे होते. पोरं धावली, डबे बाजूला केले आणि मग भीमराव फळ्यापाशी गेला. डबे हलवणारी ती पोरं समवयस्कच होती! मास्तरांनी सांगितलं नव्हतं त्यांना. तेव्हा आधार गटात सगळी पोरं गोल बसवली, मधे मेणबत्ती लावली, 'मनातलं बोला' म्हटलं, की आधार तयार झाला असं नसतं. फळ्यामागे कुणाचा डबा आहे ते आधी बघावं लागतं.

असलं एक शिबिर मी डोळ्यांनी बघितलं. पुण्याहून बाई आल्या होत्या, मनाने चांगल्या. पोरांना चिठ्ठ्या दिल्या, त्रास लिहा म्हणाल्या, नाव लिहू नका म्हणाल्या. एका पोरीने लिहिलं, मला जातीवरून हाक मारतात. बाईंनी वाचलं, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "आपण दुर्लक्ष करायला शिकलं पाहिजे, स्वतःवर प्रेम करायला शिकलं पाहिजे." टाळ्या. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला माहीत, चिठ्ठी कुणाची. अक्षर ओळखलं होतं. पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही. हाक मारणाऱ्यांचं काय? त्यांना कुणी काय शिकायला सांगितलं नाही. दुखणं आमचं आणि औषध पण आम्हीच प्यायचं, आणि ज्याने डोकं फोडलं त्याला टाळ्या वाजवायला बसवायचं!

खर्डा विसरू नका. २८ एप्रिल २०१४. नगर जिल्ह्यातलं जामखेड तालुक्यातलं गाव. नितीन आगे, सतरा वर्षांचा, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून त्याला शाळेच्या आवारात मारलं, तिथून मारत नेलं आणि जीव घेतला. दिवसाढवळ्या. पुढे खटल्यात साक्षीदार फिरले, शाळेतलेसुद्धा फिरले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी सुटले. शाळा नावाच्या जागेत किती डोळे असतात विचार करा. ते सगळे डोळे समवयस्कांचे, गुरुजनांचे. मला त्या पोरांना दोष द्यायचा नाही. जमावापुढे पोरांनी उभं राहावं असं म्हणणारा मूर्ख मी नाही, ते काम मोठ्यांचं आणि पोलिसांचं आहे. पण असला दिवस एका दिवसात उगवत नाही. त्याच्या आधी किती महिने टोमणे असतील, धमक्या असतील, ते कळण्याची आणि वेळेत वस्तीपर्यंत, कायद्यापर्यंत पोचवण्याची एक तरी वाट पोरांकडे असायला पाहिजे की नको? १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्याला मेल्यावर आठवतो.

आणि दुसरी बाजूही बोललीच पाहिजे. नुसते सोबती असून पुरत नाही. हैदराबादच्या विद्यापीठात पाच पोरांना वसतिगृहाबाहेर काढलं तेव्हा त्यांनी आवारातच तंबू टाकला, त्याला नाव दिलं वेलिवाडा, म्हणजे आपला महारवाडाच. संघटना होती, दोस्त होते, बाबासाहेबांचा फोटो होता. तरी १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. आधार गट म्हणजे जखमेवर फुंकर, आणि फुंकर पाहिजेच. पण ज्या हातात दगड आहे त्या हाताकडे बोट दाखवायचं नसेल तर तो गट शाळेची सोय आहे, पोरांची नाही.

आपल्याकडे ह्याचा वारसा नाही असं म्हणू नका. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची चौदा वर्षांची पोर, तीनच वर्षं शिकलेली, तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. तिने 'स्वतःवर प्रेम करायला शिका' असं लिहिलं नाही. तिने धर्मालाच प्रश्न विचारला. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह काढलं, आणि तिथली पोरं 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवत होती. वसतिगृहात भाकरी मिळाली एवढ्यावर ती थांबली नाहीत. सिद्धार्थ कॉलेज १९४६ ला सुरू झालं, तिथे विद्यार्थ्यांचं पार्लमेंट होतं, आणि १९५० च्या जानेवारीत देशाचा कायदेमंत्री त्या पोरांच्या पार्लमेंटपुढे येऊन हिंदू कोड बिलावर बोलला. फडे मोजण्याचं खातं नव्हतं दिलं त्यांनी. पोरांना प्रौढांच्या बरोबरीचा प्रश्न दिला.

आणि आपण? ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि वर्ष-दोन वर्षांत फुटला. १९७२ ला पँथर झाली, दोन-तीन वर्षांत फुटली. हे सांगून मला कुणाला खिजवायचं नाही. पण आपण पोरांना दाखवलं काय? एक माणूस वर, बाकी खाली, वरच्याशी पटलं नाही की दुसरा गट. आजही चौदा एप्रिल आला की गल्लीतला दादा नववीतल्या पोरांना धरतो. फ्लेक्सवर वर ह्याचा गॉगल लावलेला फोटो आणि खाली तीस पोरांचे टिकलीएवढे फोटो, 'शुभेच्छुक'. पट्टी गोळा करायला पोरं, डीजेपुढे नाचायला पोरं. बारा महिन्यांत एकदा तरी त्या दादाने विचारलं का, बाळा, तुझं बीजगणित कुठवर आलं? शाळेचा मॉनिटर आणि आपला दादा, मला तर एकाच मापाचे दिसतात. दोघांनाही पोरं लागतात ती मोजायला.

कुसगावात आमचं काय चाललंय ते सांगतो. फार मोठं नाही. रविवारी सकाळी विहारात आठवी ते दहावीची पोरं-पोरी बसतात. कधी अकरा, कधी सहा, पावसाळ्यात चार. त्यात आपले आहेत, मातंग आहेत, दोन कातकरी पोरं आहेत, आणि एका मराठा ड्रायव्हरची पोरगी आहे. तिच्यावरून आमच्याच ज्येष्ठांनी आरडाओरडा केला. "विहारात त्यांचं काय काम?" मी म्हटलं, कार्ल्याचं लेणं आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, जाऊन खांब वाचा. तिथे एका राजाचं नाव कोरून काम संपलेलं नाही. एकेक खांब एकेकाने दिला, त्यात यवन आहेत, धेनुकाकटाचे लोक आहेत, एका सुताराचंही नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंनी विचारलं नाही तुझं काय काम. आणि तुम्ही एका ड्रायव्हरच्या पोरीला विचारता? ती पोरगी राहिली. भूमितीत तीच सगळ्यांना शिकवते. (ज्येष्ठ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. चालायचंच.)

गटाला अध्यक्ष नाही. दर महिन्याला एक पोर आणि एक पोरगी वही धरतात, पुढच्या महिन्यात दुसरे. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कोण आलं नाही, का आलं नाही, कोण जाऊन भेटणार. भेटायला जाताना भाषण न्यायचं नाही, चुकलेल्या धड्याची वही न्यायची. आठवीतल्यांना एनएमएमएस परीक्षेला बसवायचं. पास झालं आणि यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे त्या फटीवर टाकायला एक फळी मिळते. नववी-दहावीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार बँकेला जोडलंय की नाही, उत्पन्नाचा दाखला, हे सगळं पोरंच एकमेकांचं तपासतात. दहावीनंतर वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार योजना आहे, हे दहावीच्या पोराने नववीच्या पोराला सांगायचं. मी सांगितलं तर ती जांभया देतात.

एक नियम मात्र मी घातला, त्यावर मतदान नाही. कुणी जिवाचं बरं-वाईट करण्याचं बोललं, कुणाच्या अंगाला कुणी हात लावला, तर ते गुपित नाही. दोस्ती तुटली तरी चालेल, त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. १०९८ आणि १४४१६ हे दोन नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेत. पंधरा वर्षांच्या पोराने दुसऱ्या पोराचा जीव एकट्याने सांभाळावा ही अपेक्षा करणं म्हणजे पुन्हा मॉनिटरच, फक्त गोड बोलणारा.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीने क्रांती होते का? एका पोराचं उदाहरण देतो. नववीतला, चिक्कीच्या कामाला लागला. पोरं घरी गेली. आई म्हणाली, महिन्याचे पैसे कोण देणार? पोरांनी तिथेच वही काढून हिशेब मांडला, मजुरी किती, शिष्यवृत्ती किती, सुट्टीच्या दिवशीचं काम किती. हिशेब पुरता जुळला नाही. तीनशे कमी पडत होते. ते वस्तीतल्या चार घरांनी उचलले. पोरगा सध्या शाळेत आहे, गणितात अजून काठावर आहे. फ्लेक्सचा खर्च ह्याच्यापेक्षा जास्त होतो, हे पोरांनीच जयंतीच्या बैठकीत उठून सांगितलं. दादा गप्प बसला. मला तो क्षण मोर्च्याएवढा वाटला.

जूनमध्ये गटाने त्या शाळेला पहिला अर्ज दिला. पोरींनी लिहिला, मी फक्त शुद्धलेखन बघितलं, तेही त्यांनी सगळं ऐकलं नाही. मागण्या चार. शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचू नये, ज्याचं त्याला कागदावर द्यावं. स्वच्छतेचं काम हजेरीच्या क्रमाने सगळ्यांना द्यावं, मुख्यमंत्र्यालासुद्धा. मुलींच्या संडासाचं कुलूप शाळेच्या वेळात उघडं असावं. सखी सावित्री समितीत कोण कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली, ते बोर्डावर लावावं. खाली नऊ सह्या. ड्रायव्हरच्या पोरीची सही पहिली आहे, तिनेच हट्टाने केली, म्हणाली, माझ्यावर जातीचं राजकारण म्हणता येणार नाही.

मुख्याध्यापकांनी पोरांना बोलावून विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? दहावीतली एक पोरगी म्हणाली, "सर, नागरिकशास्त्र." यादी वाचणं बंद झालं आहे. कुलूप उघडलं आहे, पण फक्त मधल्या सुट्टीत. बाकी दोन मागण्यांचं उत्तर आलेलं नाही. दुसरा अर्ज लिहून झालाय, सोमवारी जाईल. पोच घ्यायला ह्या महिन्याची वही ज्यांच्याकडे आहे ते दोघं जाणार, त्यातला एक गेल्या वर्षीचा स्वच्छतामंत्री आहे.